सात माणसांची गाडी

अप्पा, आम्ही दोन वर्षांची गाडी देऊन दहा वर्षांची घेतली. लोक जुनं काढून नवं घेतात, आमचं उलटं झालं, त्यामुळं गल्लीत काही दिवस तोच विषय होता. तुम्ही असता तर तुम्हीही विचारलंच असतं, म्हणून सांगते.

आधीची गाडी लहान, मोतिया रंगाची, कोरी घेतलेली. मी बँकेत, तुमचे जावई शाळेत मास्तर, एक मुलगी. तिघांना ती पुरून उरायची. मग मागच्या पावसाळ्यात धाकटा गेला. कावीळ अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तुमच्या मुलाची बातमी अशी गाडीच्या गोष्टीत सांगतेय, पण पहिल्याच ओळीत ती लिहायला हात धजावला नाही. परतूरच्या घरात माय, भावजय आणि तिच्या दोन मुली उरल्या. त्यांना इकडंच आणू, हे आधी तुमचे जावई बोलले, मी नाही. तेव्हापासून जालन्यात आम्ही सात जण राहतो. घर पुरलं. बाहेरच्या खोलीत अंथरुणं टाकली की झालं. गाडी मात्र पुरेना.

कुठंही निघायचं झालं की मुली मागं दाटीवाटीनं बसायच्या, माय त्यांच्याजवळ, आणि भावजय दारात उभी. "ताई, तुम्ही जाऊन या. मला धुणं पडलंय," ती म्हणायची. राजूरच्या गणपतीला असंच, बारशाला असंच, डोहाळजेवणाला असंच. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. बुटकी, कामाला वाघ, आणि बोलायचं तर अगदी मोजकं. बरेच दिवस मलाही वाटत होतं की अडचण जागेचीच आहे. एकदा आमची मुलगी शाळेच्या सहलीला गेली होती, तिची जागा रिकामीच होती, तरी भावजय आली नाही आणि मायनंही तिला चल म्हटलं नाही. त्या दिवशी मला आत्या आठवली.

तुमची बहीण. नवरा गेल्यावर ती आपल्याकडंच राहिली. मी सातवीत असेन. धाकट्या काकांच्या लग्नाला बैलगाडी निघालीय आणि आत्या चुलीपुढं भाकरी थापत बसलीय. ती का येत नाही, असं मी विचारते. तुम्ही म्हणता, गाडीत जागा न्हाई. मी गाडीत डोकावून येते. कडब्यावर घोंगडी टाकलेली, अजून दोन माणसं आरामात बसतील. तसं बोलून दाखवल्यावर तुम्ही मला दटावलंत, "मोठ्यांच्या मधी बोलू न्हाई." येताना मात्र तुम्ही उपरण्याच्या टोकात बांधून तिच्यासाठी बुंदीचे लाडू आणलेत. तुमची तिच्यावर माया नव्हती असं मी म्हणत नाही. तिनं ते लाडू आम्हा पोरांना वाटून टाकले.

हे सगळं मी तुमच्या जावयांना सांगितलं. ते म्हणाले, सात माणसांची गाडी बघू. जुन्या गाड्यांची अदलाबदल करून देणाऱ्याकडं एका ठेकेदाराची जीपगाडी उभी होती. मागं समोरासमोर बाकडी, दारं आपटल्याशिवाय लागत नाहीत, डिझेलचा वास गाद्यांच्या शिवणीत मुरलेला. चालू केली की शेजारच्या घरातली भांडी वाजतात. आमची मोतिया गाडी देऊन ती आणली.

महिन्याभरात तुमच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं, परतूरलाच. आदल्या दिवशी माय मला बाजूला घेऊन म्हणाली, तिला कशाला नेतीस, वर्ष झालं न्हाई अजून, भावकीत लोक बोलतील. सकाळी सगळे गाडीत बसले. भावजय नेहमीसारखी दारात उभी.

मी म्हटलं, "चल की. आता जागा आहे."

ती खाली बघून म्हणाली, "ताई, जागेचं न्हाई ते."

इतके दिवस गाडीच्या आडोशाला असलेली गोष्ट अशी उघड्यावर आली. मुली ऐकत होत्या. तिची थोरली तर टक लावून आईकडं बघत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात मायनं दार ढकललं आणि दांडीला धरून हळूहळू खाली उतरली. म्हणाली, "मंग मीबी न्हाई जात. माझाबी नवरा गेलाय. म्हातारी चालती अन् ही न्हाई, हे कोनी ठरवलं?"

आदल्या दिवशी तिनंच ठरवलं होतं, पण ते मी बोलले नाही. भावजय लुगडं बदलायला आत गेली. आम्ही थांबलो. तुमच्या जावयांनी गाडी बंद केली, म्हणजे तिला घाई वाटायला नको.

लग्नात फार काही घडलं नाही. एका काकूनं हळदीकुंकवाचं ताट तिच्यासमोरून तसंच पुढं नेलं. माय शेजारीच बसली होती, तिच्यासमोरूनही. दोघी अक्षता टाकून पंगतीत जेवल्या. येताना डिझेलच्या वासानं भावजयीला मळमळलं, वाटूरच्या अलीकडं गाडी थांबवावी लागली. तेव्हापासून ती पुढं खिडकीशी बसते आणि माय मागं, बाकड्याला नावं ठेवत.

एवढंच सांगायचं होतं. हा कागद मी कुणाला वाचून दाखवणार नाही, भावजयीला तर नाहीच. कारण परवा जुन्या जालन्यात कापड घ्यायला गेले, तर आमची मोतिया गाडी दिसली. नव्या मालकानं काचेला काळी झालर लावलीय. ती गल्लीतून वळून जाईपर्यंत मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. पस्तावा नाही अप्पा. पण ती मला फार आवडायची.