यानाच्या आजीचा स्कार्फ

१४ जुलै २००६, टॅम्पिनीस, सिंगापूर

सई शाळेतून आली ती यानाचंच नाव घेत. याना म्हणजे तिच्या मैत्रिणीची आई, प्रागची. आज गाइड्सच्या मीटिंगला तिनं आपल्या आजीचा स्कार्फ दाखवला. त्यांच्या देशात आधी नाझींनी, मग कम्युनिस्टांनी स्काउटिंगवर बंदी घातली. आजीनं तो स्कार्फ म्हणे उशीत शिवून वर्षानुवर्षं लपवला. ऐकून सई रडली. माझ्या शाळेच्या गोष्टींना "सो बोअरिंग लाह" म्हणणारी माझी सई!

जळफळाट झाला माझा, खोटं कशाला लिहू? मीही पुण्यात पाच वर्षं गाइड होते की.

तेवढ्यात तिनं विचारलंच, "आई, तुझा स्कार्फ कुठंय?"

"पुण्याला, माळ्यावर," मी ठोकून दिलं.

"डिसेंबरला गेलो की आणू या, ओके?"

आता काय आणू? माझ्या स्कार्फवर कुणी बंदी घातली नव्हती. दहावी संपली त्याच आठवड्यात मीच तो जुन्या कपड्यांत घालून बोहारणीला दिला आणि घासाघीस करून स्टीलचा डबा घेतला.

त्याच डब्यातून सई रोज पोळी-भाजी नेते. आज यानाचं ऐकताना खायचं राहिलं म्हणे. डबा भरलेलाच परत आलाय.