कोपरा फाटलेलं पाकीट

तलावटोली, ता. सिंदेवाही
१० एप्रिल २००६

चि. आचलले कुंता आजीचे आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. तुझ्या बापानं, डोमानं, दोन खेपा वाचलं आन् दोन्ही खेपा नुसता हसला, म्हणजे त्याले काई समजलं नाई. मी दुसरी शिकली. मले समजत नाई, एवढं तरी समजते. केसाचे ऐंशी हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढ्याचा अभ्यास तू पुण्यात करून राह्यली म्हणतेस. मी बाजारात मच्छी विकणारी बाई. मले सांग, जो माल दिसतच नाई त्याले गिऱ्हाईक कोण? अंगणवाडीवाली अंजनाबाई विचारत होती, नात काय शिकते. मी सांगतलं, काईच नाई, आन् ते बी बारीक.

नाक तुझं पहिलेच बसकं, आता वरून चष्मा लागला. मच्छी सोसायटीचे भैयाजी त्यांच्या पोरासाठी विचारून राह्यले. पोरगा आश्रमशाळेत मास्तर आहे. त्याले बी कमी दिसते, तवा लवकर उरकू. परीक्षा झाली का सरळ घरी ये.

मोठ्यांले नमस्कार सांग. लहानांले काई सांगू नको, ते शेफारतात.

तुझी आजी,
कुंता


पुणे
२६ एप्रिल २००६

ती. आजीस आचलचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या, बरं वाटलं. गिऱ्हाईक कोण ते सांगते. आमच्या वर्गातली शगुफ्ता रंगाच्या कारखान्यात लागली. एक जण औषधाच्या कंपनीत गेला, दोघं पुढे शिकायला परदेशी निघालेत. आणि एम.एस्सी. होऊन घरी बसलेलेही आहेत, तुला खोटं कशाला सांगू. म्हणून मला घोर लागलाय.

मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत अर्ज केलाय. पाण्यातलं फ्लोराईड धरून ठेवणारी भुकटी ते तयार करतात. ढेकूळ पाण्यात टाकलं तर फक्त वरून भिजतं, पण त्याचंच पीठ केलं तर कणाकणाला पाणी लागतं. म्हणून भुकटी जितकी बारीक, तितकं ती जास्त धरते. आपल्या हापशीच्या पाण्यात तेच फ्लोराईड आहे, आजी. तुझे गुडघे त्यानेच वाकले. पोरांचे दात त्यानेच पिवळे झाले.

जागा एकच आहे. अर्जात कायमचा पत्ता मागितला होता, म्हणून घरचा दिला. मुलाखतीचं पाकीट येईल. पोस्टमन पोचूभाऊंना सांगून ठेव आणि आलं की त्याच दिवशी मला पाठव. माझं सगळं त्यावर आहे.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
आचल


तलावटोली
२ जून २००६

चि. आचलले आशीर्वाद.

पाकीट येऊन पंधरा दिवस झाले. पोचू दारात टाकून गेला. उचलून पाह्यलं, तं कोपरा फाटलेला. आपली रीत तुले मालूम आहे. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मेल्याची खबर. ते उंबऱ्याच्या आत आणाचं नाई, बाहेरच फाडाचं आन् आंघोळ कराची. आतमंदी इंग्रजी, वाचणार कोण? फाडलं, तलावात टाकलं, डोक्यावरून पाणी घेतलं. तवापासून वाट पाहून राह्यली, कोण मेलं म्हणून. सारेच जिते आहेत, भैयाजीची सासू बी.

ते तुझ्या नोकरीचं होतं असं आता वाटते. गेली तर गेली. हापशी बसली तवापासून मी तेच पाणी पिऊन राह्यली, मेली नाई. भैयाजीचे लोक पाहाले येणार आहेत. केसाले तेल लावून ये, आन् चष्मा पिशवीत ठेव.

तुझी आजी,
कुंता


पुणे
१३ जून २००६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मुलाखत ५ जूनला होती. तुझं पत्र मला ९ तारखेला मिळालं. फोन केला, तर जागा भरली म्हणाले.

एम.एस्सी.ची दोन वर्षं त्या एका पाकिटात होती, आजी. ते पोचूभाऊंच्या सायकलला अडकून फाटलं असणार. मी त्यांच्या साहेबांना तक्रार लिहून ठेवली आहे. नोकरी गेली तर जाऊ दे त्यांची, माझीही गेलीच. पाकीट फाटकंच आलं होतं एवढं लिहून पाठव, ते आलं की तक्रार टपालात टाकते.

तुझी यात चूक नाही. तू रीत पाळलीस.

तुझी
आचल


तलावटोली
२१ जून २००६

चि. आचलले आशीर्वाद.

तक्रार टाकू नको. पोचूले चार लेकरं आहेत. त्यानं पाकीट माझ्या हातात साबूत देलं होतं. वरून सांगतलं बी, पोरीच्या नोकरीचं दिसते, जपून ठेवा.

कोपरा मी फाडला. मंग रीत पाळली.

काऊन, ते बी सांगतो. तुझी आत्या नर्स होऊन नागपूरले गेली. बारा वर्सांत दोन खेपा आली, आन् दोन्ही खेपा प्याचं पाणी तिकडूनच घेऊन आली. तू हैदराबादले गेली असती तर तेवढी बी नसती आली. तुझी माय राह्यली नाई, तुझ्या बापाले रांधता येत नाई, मले चुलीपाशी आता जास्त बसवत नाई. घरात बाई पाह्यजे. भैयाजीकडं देली असती, तं गावातल्या गावात राह्यली असती. एवढंच आहे, जास्त काई शोधू नको.

माफी मागत नाई. रडत लिहू नको, शाई पसरते, मले आधीच वाचाले तरास होते.

कुंता


(पोस्टकार्ड. वरचा कोपरा फाडलेला.)

पुणे, ३ जुलै २००६

श्रीमती कुंताबाई यांस,

कळविण्यात येते की आपली नात आचल दि. ५ जून रोजी वारली. रीतीप्रमाणे करावे.


तलावटोली
१७ जुलै २००६

चि. आचलले आशीर्वाद.

कार्ड भेटलं. पोचूनं दुरूनच दाखवलं. बाहेरच फाडा म्हणे, आंघोळीले पाणी काढून देतो म्हणे. तुझ्या बापाले कोपरा पाहून खरंच वाटलं. मंग त्याले सारं सांगाच लागलं, माझं बी. तवापासून तो माझ्या हातचं खात नाई. सोताच रांधते. चांगलं रांधते, मेला.

भैयाजीले नाई म्हणून सांगतलं. मेलेल्या पोरीचं लगीन कोण लावते.

कार्ड मी फाडलं नाई. उंबऱ्याच्या आत आणलं, जाळं विणाच्या सुया ठेवतो त्या डब्यात ठेवलं. आंघोळ केली नाई. शेजारच्या बाया म्हणतात, घराले सुतक लागलं. लागू दे.

लोभ मागत नाई, तेवढं तोंड मी ठेवलं नाई. मी मेली का तुझा बाप कार्ड टाकील, कोपरा फाडून. ते खरं असेल. पुण्याचं पाणी चांगलं आहे म्हणतात. तवा डोक्यावरून घेजो.

तुझी जिती आजी,
कुंता