सहा कार्बोरेटर आणि एक रबरी नळी

प्रिय ताई,

सोमवारच्या आत तू इथे यायला हवीस. का, ते सांगतो, पण कागदावर सरळ उतरत नाहीये, तेव्हा जरा सांभाळून घे. कुणाशी भांडून बाहेर पडलेलो नाही. उलट या गॅरेजमध्ये मी चक्क टिकलोय. हो, मीच, तुझा पायाला भिंगरी लागलेला भाऊ.

टिकलो तो एका लाल इटालियन गाडीपायी. आपल्या दोघांपेक्षा वयानं मोठी. बारा सिलिंडर, वर ओळीनं सहा कार्बोरेटर. बाबा असते तर जेवायचं विसरले असते. तसे ते कशानंही विसरायचे म्हणा. त्यांची रबरी नळी आठवते? एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानात. एकेकाचा श्वास ऐकायचा आणि सगळ्यांची सूं सूं सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तू डोळे मिटून म्हणायचीस, चौथा जास्त ओढतोय. मी म्हणायचो, मीही तेच म्हणणार होतो. बाबा म्हणायचे, तुझं ‘तेच’ नेहमी हिच्यानंतरच कसं येतं रे?

मग तू कार्बोरेटर सोडून त्या फ्युएल इंजेक्शनवाल्यांकडे गेलीस आणि मी तुला काय काय बोललो! तू शांतपणे म्हणालीस, अरे, किती हवा आली ते यंत्रच मोजतं, तेवढंच पेट्रोल देतं, थंडीत गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, यात गळा काढण्यासारखं काय आहे? काही नाही. पण मला खोकणारी, रुसणारी, गोंजारल्याशिवाय न हलणारी गाडीच आवडते. थेट आत्यासारखी. आत्याचा गुडघा कसा आहे गं? असो.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची, त्यांच्या वडिलांची आठवण. त्या आधीपासून इंजेक्शन बसवा म्हणत होत्या. मीच हट्ट धरला, छातीठोकपणे म्हणालो, सहाही एका सुरात आणतो. आणले. नळी लावून पाहिली, सगळे अगदी सारखे. बाई गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेल्या नाहीत तोच फटाफट बार, कार्बोरेटरमधून उलटी ज्वाळ, आणि भर चौकात गाडी बंद. पुन्हा लावले. पुन्हा सारखे. पुन्हा तेच. आता सोमवारी सहाही उतरवून इंजेक्शन बसणार. मालक विचारतात, मग तुझं इथे काम काय?

ताई, काल नळी कानात तशीच होती आणि तिचं दुसरं टोक माझ्या मांडीवर पडलं होतं. तरी तीच सूं सूं. ती माझ्या कानातच बसलीये, आणि तिच्यापलीकडचं काही ऐकू येत नाही. डावा कान आधीच गेला, आता उजवाही चाललाय. कानाच्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. इथे कुणाला पत्ता नाही. लोकांना वाटतं मी तुसडा झालोय. त्या कार्बोरेटरची काही चूक नाही गं, माझ्या कानापायी ते भंगारात चाललेत. तू ये. तू ऐक, बोटानं खूण कर, मी स्क्रू फिरवतो. हात अजून चांगले आहेत. मग हवं तर मला तुझं ते इंजेक्शन शिकव, त्याला कान लागत नाहीत ना? मी मागच्या शेडमध्ये असेन, बहुतेक पाठमोरा. हाक मारू नकोस. खांद्यावर हात ठेव.

तुझाच,
भिंगऱ्या