तुळशीच्या लग्नातली गोटी

धार, कार्तिक शु. ५, सन १९१०
सरदारांच्या मोटारीची नवी हत्यारपेटी आली. गाडीखान्यात कुणाचा भरवसा नाही म्हणून हे रोज ती घरी आणणार. आज उघडून दाखवली, जसा काही माझ्यासाठी शालूच आणलाय. आत लोखंडी वाट्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. बाहेरून गोल, पोटात सहा कोपरे. दांडा एकच, वाटी तेवढी बदलायची. म्हणाले, "पूर्वी नटागणिक वेगळी चावी लागे. आणि साधा पाना दोनच बाजूंनी धरतो, घसरतो, नटाचे कोपरे खातो. ही बघ, सगळीकडून कवेत घेते." मी म्हटलं, माझं कौतुक कधी केलंत इतकं? हे लाजले.

घड्याळाची किल्लीसुद्धा याच जातीची, फक्त चार कोपऱ्यांची. रोज किल्ली देते मी, आत कधी पाहिलं नव्हतं.

आमची कुसुम शेजारी बसून वाट्या हाताळत होती. गप्पच. श्रावणातल्या तापापासून तोंडातून शब्द नाही. त्याआधी दिवसभर बडबड, कान किटायचे माझे. हे म्हणतात, बोलेल. मला वाटतं तिला ऐकूच येत नाही. तसं म्हटलं की हे उठून जातात.

शु. ८
मोटार हाकणारा रामलाल आला होता. वाटी हातात खेळवून ह्यांना म्हणाला, "अरे भिया, ये तो गोटी है!" झालं बारसं. आता हेसुद्धा गोटीच म्हणतात.

दांड्यात दाते आहेत, उलटा फिरवला की करकरतो. कुसुमने तो गालाला लावला आणि हसली. तापानंतर पहिल्यांदा. ह्यांचे डोळे भरले. "बघ, ऐकते की नाही?"

शु. १०
तिच्या पाठीमागे उभी राहून दांडा करकरवला. पुष्कळ वेळ. वळली नाही. हातात दिला, लगेच हसली. म्हणजे हाताला कळतं, कानाला नाही.

ह्यांना सांगितलं. पानावरून उठले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शु. १२
तुळशीचं लग्न. सासूबाई देवासहून आल्यात, टेकडीवरच्या देवीला कुसुमसाठी नवस बोलून. पूजा त्यांनीच केली. मंगलाष्टकं, थाळ्यांचा गजर, मग फटाके. एक कुसुमच्या अगदी मागे फुटला. आम्ही सगळे दचकलो, ती बत्तासा खात राहिली.

हे तिच्याकडेच बघत होते. पुढे येऊन तिला उचलली आणि मग खाली ठेवलीच नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. मलाही बघवलं नसतं.

शु. १३
सकाळी घर डोक्यावर. मधली गोटी पेटीत नाही! सरदारांना इंदूरला निघायचं, मोटारीचं चाक उघडायचं, आणि रामलाल दारात, "भिया, जल्दी करो!" डबे, अंथरुणं, सगळं पालथं घातलं.

सापडली कुठे, तर तुळशीवृंदावनात. कुसुमने नेऊन ठेवलेली. सासूबाईंना दिसतं कमी, काळं गोल पाहून त्यांनी शाळिग्राम समजून हळदकुंकू वाहिलं. खरा शाळिग्राम देवघरातच, आणि तुळशीचं लग्न लागलं गोटीशी! "तरीच म्हटलं, ह्याच्या पोटात भोक कसं," सासूबाई म्हणाल्या. रामलाल म्हणतो, "अब तो ये आपके घर का जमाई हो गया, भिया."

हे भिंतीला टेकून हसत सुटले. किती दिवसांनी! कुसुम धावत जाऊन त्यांच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली. हसणं तिच्या हाताला लागलं असावं, तीही हसायला लागली. ह्यांचं हसणं एकदम थांबलं. तिने छातीवर थापटलं, आणखी म्हणून.

हळदीच्याच गोटीने चाक उघडलं.

कार्तिक व. २
हे रोज गाडीखान्यातून येऊन तिला मांडीवर घेतात. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर, गोटी तिच्यापुढे, आणि "गोटी, गोटी, गोटी." मला म्हणाले, "वेड लागलंय म्हण हवं तर." कशी म्हणू? मीही बसते.

व. ५
आज कंटाळली, गोटी फेकून दिली. ह्यांचा चेहरा पडला. सासूबाई म्हणतात, पोरीला छळू नका.

व. ६
दिवे लावत होते. कुसुमने माझा पदर ओढला, हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. दुसऱ्या मुठीत गोटी. गळा थरथरला.

हे आतून बघत होते, धावत आले. "गो म्हणाली ना? तू ऐकलंस ना?"

म्हटलं, ऐकू नाही आलं काही. हाताला लागलं.