सायलेन्सरचा बोल्ट आणि बाबांचा अबोला

आदरणीय गोवर्धन भाऊजी,

हिवरखेडहून देवानंदचा वाकून नमस्कार. गीतांजलीताईला तिच्या धाकट्या भावाकडून नमस्कार आणि नेहमीची कुरकूर, दोन्ही पोचवावं.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुमच्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, इकडे सगळे जिवंत आहेत आणि वेळेवर जेवतात. तुमची कंबर कशी आहे? आंबिया बहाराची तोड सुरू झाली असेल तर संत्र्याचे क्रेट स्वतः उचलू नका. (ताई म्हणते तुम्ही ऐकत नाही. आमच्या घरात ऐकणारा माणूस मुळात नाहीच, म्हणून तर तुम्ही इथले जावई शोभता.)

आता काय झालं ते सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सकाळीच मोटारसायकल धुवायला काढली. अंगणात झेंडूची पोती ओल्या गोणपाटाखाली तयार होती आणि दुपारी ती अकोटच्या बाजारात न्यायची होती. दसरा उलटला की झेंडूकडे कोणी ढुंकून पाहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. धुता धुता मला आठवलं की सायलेन्सर जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथलं पॅकिंग गेलंय आणि फटफट आवाज येतो. साधना म्हणाली, अहो, आजचा दिवस जाऊ द्या, हात लावू नका. पण मी मोबाइलवर एक माणूस ते पॅकिंग हसत हसत बदलताना पाहिला होता. (तो माणूस आता मला भेटावा असं फार वाटतं.)

तिथे दोन बोल्ट असतात. दोन्ही गंजलेले. पहिला हलेना, म्हणून मी पान्याला जुन्या पंपाचा लोखंडी पाइप जोडला आणि अंगाचा भार टाकला. भाऊजी, एकदम पाना मऊ फिरला. मला वाटलं सुटला. मी साधनाकडे पाहून हसलोसुद्धा. मग ‘कट्’ असा बारीक आवाज झाला आणि बोल्टाचं डोकं माझ्या हातात आलं. बाकीचा बोल्ट इंजिनात, जेमतेम नखाएवढा बाहेर. मी पोत्यांकडे पाहणंच बंद केलं. साधना आत जाऊन भांडी घासायला लागली, आणि त्या भांड्यांच्या आवाजावरून मला सगळं कळलं.

मी डिझेल ओतलं, ठोकलं, पकडीनं पिरगाळलं. पकड दर वेळी घसरायची आणि तो नखाएवढा तुकडा आणखी गुळगुळीत व्हायचा. टेम्पोवाल्यांना फोन लावले, सगळे भरून गेलेले. बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान आहे त्या शेखरला फोन केला, तर तो म्हणे दुकान सोडून येता येत नाही, गाडी इकडे आणा. मी मात्र तिथेच बसून राहिलो. घाम पुसत होतो आणि दर मिनिटाला एक फूल कोमेजताना दिसत होतं. (गोणपाट न उचलता.)

हे सगळं बाबा ओसरीतल्या खाटेवरून पाहत होते. त्यांचं तुम्हाला ठाऊक आहे. पऱ्हाटीच्या वावरात मी कपाशीऐवजी झेंडू लावला तेव्हापासून आमचे हे पंजाबराव माझ्याशी बोलत नव्हते. जे काही असेल ते आईच्या मार्फत. मी समोर ताटावर बसलेलो असायचो आणि ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, त्याले सांग मीठ सरकव. आई बाहेर यायची, मला सांगायची, मी मीठ सरकवायचो. आईचे गुडघे निम्मे त्यातच गेले.

तर बाबा खाटेवरून उठले, माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हट. मले पाहू दे.”

आई सवयीनं दारात आली, पण निरोप द्यायला काही उरलंच नव्हतं. ती पोळपाट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी इतका घाबरलो होतो की मला त्याचा अर्थ नंतर लागला. बाबांनी तुटलेल्या बोल्टाला हातही लावला नाही. दुसरा तरी नीट काढू म्हणून पाना त्याला लावला, तोच पाइप जोडला, ओठ घट्ट मिटले, आणि भाऊजी, तोही तुटला.

बाबांनी बोल्टाचं तुटलेलं डोकं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, लोखंडच खराब होतं. मी हो म्हणालो. (माझ्या हातून मोडलेल्या एकाही वस्तूचं लोखंड आजवर खराब निघालेलं नाही.)

मग आम्ही दोघांनी गाडी ढकलत शेखरकडे नेली. भर बाजारातून. मी हँडल धरलेलं, बाबा मागून लोटत होते. मला वाटलं आता काही तरी ऐकावं लागणार. पण त्यांनी विचारलं, झेंडूले पाणी किती दिवसाआड देतं, खालची पानं पिवळी काहून पडतात. म्हणजे हा माणूस रोज वावरात जाऊन पानं पाहत होता, आणि मला पत्ता नव्हता.

शेखरनं तुटक्या बोल्टावर एक नट ठेवून वेल्डिंग मारलं आणि पाना लावला, तर नटच निघून आला. दुसऱ्यांदाही तेच. पोती उन्हात असतील हे आठवून मी सारखी मोबाइलवर वेळ पाहत होतो. तिसऱ्या वेळी बाबांनी माझा खांदा धरला. (मला धीर द्यायला की स्वतःला, ते विचारलं नाही.) बोल्ट किरकिरला, अडला आणि हळूहळू फिरत बाहेर आला. त्याच्यामागे दुसराही आला.

नवे बोल्ट लावून घरी आलो, पोती बांधली, आणि बाबा न विचारता मागे बसले. अकोटला व्यापारी म्हणाला, फूल बारीक आहे. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. “आमच्या वावरातला माल आहे हा. हातात घेऊन पाह्य, मंग बोल.” भाऊजी, ते ‘आमच्या’ म्हणाले. सगळा माल संध्याकाळच्या आत उठला. दुसऱ्या दिवशी पूजेला त्यांनी गाडीला हार घातला आणि नव्या बोल्टांनाही कुंकू लावलं.

बाकी सर्व ठीक. तुमच्याकडच्या थोरांच्या पायांना हात लावून आणि लहानांच्या गालांना चिमटा काढून इथेच थांबतो.

तुमचा,
देवानंद

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण फोनवर सांगता येत नाही, कारण बाबा फोन स्पीकरवर ठेवायला लावतात. दसऱ्यापासून त्यांच्या हातातला पाना सुटलेला नाही. फवारणीचा पंप, साधनाची शिलाई मशीन, कुकरचा दांडा, सगळं आवळून झालं. मशीन आता चालत नाही. पुढच्या आठवड्यात ते ताईला दिवाळीसाठी आणायला वरूडला येणार आहेत. पिशवीत आधी पाने-पकडी भरल्यात, कपडे मागून. तुमच्या गाडीचा आवाज त्यांच्या लक्षात आहे. तरी हात जोडून विनंती, तेवढे दिवस गाडी कुणाच्या तरी घरी नेऊन लपवावी.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबा आले. आईला मधे न घेता मला विचारलं, वरूडले तू येत नाही काय सोबत? तेव्हा वरचं रद्द समजा, भाऊजी. गाडी दारातच राहू द्या. आम्ही दोघं येतो.