थांबची खूण

रहाटणी,
ता. १२ फेब्रुवारी १९७९

प्रिय विलास यास,
भीमराजचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या आईला परवा भेटलो. गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. आमच्या शालनला पुन्हा दिवस गेलेत. कंपनीत ओव्हरटाइम जोरात आहे. झाली ख्यालीखुशाली.

शनिवारी तुला टेलिव्हिजनवर पाहिलं. सोपानरावांच्या घरी सगळी आळी लोटली होती. आपल्या हॅमर शॉपमधला माणूस मुंबईच्या पडद्यावर! आमच्या आण्णांना मीच हाताला धरून नेलं आणि पुढे बसवलं. आठ वर्षांत तुझा रेडिओ झाला, नाटक कंपनी झाली, दौरे झाले, आता हे. सुरुवातीला पाटी आली, 'लेखक व अभिनेता'. लेखक! अरे, त्या प्रवेशात एक वाक्य नाही हे खरं, पण ते नसलेलं वाक्यसुद्धा मी लिहिलंय. कामगार कल्याण केंद्राच्या मागच्या पायरीवर बसून, जुन्या हजेरी कार्डांच्या पाठीवर. तू शेजारी शेंगदाणे खात होतास.

पण नावासाठी हे पत्र नाही. नावाचा राग असता तर केव्हाच येऊन तुझी कॉलर धरली असती.

शॉपमध्ये यांत्रिक हातोड्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून आपलं सगळं काम खुणांवर. एक बोट म्हणजे हाण, तळवा म्हणजे थांब. आठ-दहा वर्षांत कान जातात आणि माणूस घरीही खुणांनीच बोलायला लागतो. जेवताना आण्णा तळवा दाखवायचे, आई वाढायची थांबायची. तेवढ्यावरून मी प्रवेश रचला: नवरा थांबची खूण करतो आणि बायको न पाहिल्यासारखं करून भाकरीवर भाकरी वाढत जाते. तू नवरा, मी लुगडं नेसून बायको. स्नेहसंमेलनात लोक हसून हसून लोळले. आण्णाही हसले होते, हे तुला आठवतं का?

मग कॅन्टीनमध्ये तेच सुरू झालं. कुणी तळवा दाखवला की वाढणारा मुद्दाम आणखी एक डाव भात टाकणार. मग शॉपमध्येही. तळवा दिसला की एक हलका टोला जास्त मारायचा आणि सगळ्यांनी दात काढायचे. कामाच्या खुणेशी खेळायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं होतं?

पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. शालन म्हणाली, "आता लिवा तरी, न्हाईतर पेन ठिवा."

तू हातोड्याच्या दांड्यावर होतास, आण्णा सांडशीवर, मी भट्टीशी. तापलेला तुकडा साच्यात नीट बसला नाही म्हणून आण्णांनी सांडशीवरचा एक हात काढून तळवा दाखवला आणि दुसरा सांडशीसकट आत घातला. तू माझ्याकडे बघितलंस. मी हसलो. तू टोला टाकलास.

तीन बोटं, विलास.

चौकशीत तू आण्णांचं नाव घेऊन सांगितलंस, धोंडीबांनी एक बोट दाखवलं. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. चार दिवसांनी मुंबईत कामगार नाट्यस्पर्धेची अंतिम फेरी होती. तू निलंबित झाला असतास तर प्रवेश बुडाला असता, आणि मला माझा प्रवेश मुंबईत झालेला बघायचा होता. बापाची बोटं एका बाजूला आणि हे एका बाजूला. लाज वाटते रे, पण असंच होतं. फेरी जिंकून तू तिकडेच राहिलास. मी परत आलो, त्याच भट्टीवर.

तेव्हापासून दर मार्चला सुरक्षा सप्ताहात आण्णांना मंचावर उभं करतात, हात वर करायला लावतात आणि माईकवरून सांगतात, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. आण्णांना ऐकू येत नाही. त्यांना वाटतं, सत्कार आहे. इस्त्रीचा शर्ट घालून जातात. खाली बसून मी टाळ्या वाजवतो.

शनिवारी पडद्यावर तू तळवा दाखवलास. सोपानरावांचं घर हसण्यानं फुटायचं बाकी होतं. आण्णा मात्र उठून उभे राहिले. राहिलेल्या दोन बोटांचा हात वर केला आणि बहिरी माणसं ओरडतात तसं ओरडले, "ही थांबची खूण हाय! मी हीच दावली व्हती!" मग माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "तू व्हतास की रं तिथं."

आठ वर्षं त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. मला वाटायचं, कागदावर काय आहे ते त्यांना कळलंच नाही.

एकतीस मार्चला ते निवृत्त होतात. त्याआधीचा सुरक्षा सप्ताह त्यांचा शेवटचा. त्या मंचावर त्यांनी पुन्हा तसं उभं राहायचं नाही. मी उद्या ऑफिसात खरा जबाब लेखी देतोय. खोटी साक्ष दिली म्हणून मला काढतील, कदाचित. शालनला सांगितलंय. तुझ्या जबाबाशिवाय माझं एकट्याचं कुणी मानणार नाही, म्हणून तू ये. यायला तोंड नसेल तर लिहून पाठव. आणि तो प्रवेश पुन्हा कुठेही करू नकोस. माझा आहे, मी बंद केला.

खाली सही करतोय. त्या कागदावर केली होती तीच.

साक्षीदार,
भीमराज धोंडीबा ओव्हाळ