सगळ्याला व्हय

११ नोव्हेंबर

चहा हवा? — व्हय. नको? — व्हय. अंगावर सांडू? — व्हय.

शेवटचा प्रश्न रागाने विचारला. शिवदासने त्याच शांत, समंजस चेहऱ्याने तेच उत्तर दिलं. मग चहा नीट पाजला आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

नवऱ्याला झटका येऊन आता वर्ष होईल. उजवा हात गेला. पाय थोडा परत आला, गिळणं परत आलं. बोलणं मात्र गेलं ते गेलंच, एक शब्द तेवढा मागे राहिला. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, 'असं होतं बाई. घोटून घोटून बसलेला एखादा शब्द मेंदूत टिकतो. कुणाची शिवी टिकते, कुणाच्या आईचं नाव.' याचं 'व्हय' टिकलं.

खरं तर हा शब्द त्याचा नव्हताच. जत्रेला देवळात गाऱ्हाणं तो घालायचा. सगळ्या गावाच्या वतीने देवाला एकेक वाक्य सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या गावाने म्हणायचं — 'व्हय म्हाराजा'. म्हणजे बोलणारा हा, आणि व्हय म्हणणारे बाकीचे. त्याचं सगळं बोलणं पुसलं गेलं आणि बाकीच्यांचा शब्द त्याच्याकडे राहिला.

१२ नोव्हेंबर

डिचोलीहून कमलाक्षीचा फोन. वाचनालयाची व्याख्यानमाला डिसेंबरात. 'सुमंगलाबाई, या वर्षी नाही म्हणू नका. विषय तुमचाच — माणूस म्हणजे काय.'

हो म्हटलं. वर्षभर घराबाहेर बोलले नाही. घसा गंजला असेल. पर्समधली खडीसाखर ओली होऊन एकमेकीला चिकटली आहे — भाषणाआधी एक खडा जिभेवर ठेवायची माझी जुनी सवय.

विषयावर नवं काय वाचायचं? माझं उत्तर कधीचंच ठरलेलं आहे, आणि गोव्याच्या अर्ध्या सभागृहांना ते पाठ आहे: माणूस म्हणजे नाही म्हणू शकणारा प्राणी. दगड नाही म्हणत नाही. बैल अडून बसतो, पण का अडलो ते सांगत नाही. माणूस सांगतो. मालकाला नाही, जातीला नाही, देवाला नाही, स्वतःच्या भुकेलासुद्धा नाही. जिथे नकार शक्य नाही तिथे होकाराला किंमत नाही.

हे मी टाळ्या घेत बोलत आले. आता घरात असा माणूस बसलाय ज्याच्याकडे नकारच उरलेला नाही.

माझ्याच व्याख्येने शिवदास कोण?

१४ नोव्हेंबर

पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की व्हय. डोक्यावरून मोप्याचं विमान गेलं की व्हय. कावळ्याला व्हय.

१५ नोव्हेंबर

गौरेश आला पणजीहून. बापाची दाढी केली. छान करतो, गाल ओढून, हलक्या हाताने. करताना त्याच्याशी सगळं बोलत होता — ऑफिस, ट्रॅफिक, सायबाचं डोकं. तिकडून व्हय, व्हय.

मी म्हटलं, 'त्याला काही कळत असेल असं वाटतं तुला?'

'आई, मला विचारू नकोस. मी आपला सांगतो.'

'हे उत्तर नाही झालं.'

'माझ्याकडे उत्तर असतं तर मीपण भाषणं केली असती.'

बापाची जीभ आहे याला. शिवदास म्हापसा-पेडणे गाडीवर कंडक्टर होता. स्टँडवरच्या गलबल्यात ज्या आवाजाने हाका मारायचा, तोच आवाज देवापुढे. आणि मी देव नाही म्हणून व्यासपीठं गाजवणारी. गावाला फुकटचं नाटक! लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी त्याला नावाने हाक मारते, तेही कित्येकांना अजून पचलेलं नाही. तो म्हणायचा, 'तू माणसांपुढे बोलतंय, मी देवापुढे. ऐकता कोण ता तुकाय खबर नाय, माकाय नाय.'

भांडायला माणूस हवा असतो घरात. तोच नाही.

१८ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

संध्याकाळी देवस्थानचे तिघे-चौघे आले. पुढे धाकूदादा, गावातले सगळ्यांत वडील. मागे विठ्ठल, शिवदासचा चुलतभाऊ, चप्पल काढूनही दारातच घुटमळत होता. धाकूदादा खुर्चीवर बसले आणि सरळ बोलले. 'जत्रा इली. गाऱ्हाणां कोणी घालूचा? विठ्ठल घालतलो. पण शिवदासाचो मान. तेका इचारल्याशिवाय आमी काय करूचे नाय.'

विठ्ठल खाटेपाशी वाकला. 'भाऊ, मी घालू?'

'व्हय.'

सगळ्यांचे चेहरे सुटले. विठ्ठलने त्याच्या पायाला हात लावला. एकजण म्हणाला, 'झाला. शिवदासान शब्द दिलो.'

मला ते सहन झालं नाही. विठ्ठलने गाऱ्हाणं घालावं याला माझा विरोध नव्हता. घालणार दुसरं कोण? पण हा शब्द कसला? ही परवानगी कसली? उद्या कुणी याची जमीन मागेल, त्यालाही व्हय. मी तिथल्या तिथे उभी राहिले, सभेत राहते तशी.

'दादा, असा होकार घेऊ नका. तो सगळ्याला व्हय म्हणतो. बघा.' आणि त्याच्याकडे वळून मोठ्याने, 'शिवदास, विठ्ठलने गाऱ्हाणं घालू नये, बरोबर?'

'व्हय.'

'मी तुझी बायको नाही?'

'व्हय.'

कुणीतरी हसलं, चुकून. तिथे थांबायला हवं होतं. मुद्दा सिद्ध झाला होता. पण व्यासपीठावर सवय असते — शेवटचा घाव राहिला तर भाषण पडतं.

'शिवदास, तू मेलास?'

'व्हय.'

शिवदासने माझ्याकडे बघितलं. मग मान हळूहळू भिंतीकडे वळवली आणि तिकडेच ठेवली.

धाकूदादा काठी टेकून उठले. उंबरठ्यावर थांबून एवढंच म्हणाले, 'बाये, तुका जिकाचा होता. जिकलंय.'

१९ नोव्हेंबर

पेज घेतली नाही त्याने. चमचा ओठाला लावला की व्हय म्हणतो आणि तोंड मिटून घेतो.

२० नोव्हेंबर

आज घेतली.

मान वळवली तो नकार होता का? की मान दुखत होती? तान्ह्या मुलाने दूध पुरे झाल्यावर तोंड फिरवलं तर आई त्याला 'नको म्हणतोय' म्हणते. मूल काहीच म्हणत नसतं. म्हणणं आईने त्याच्या तोंडात घातलेलं असतं. आणि असं घालून घालूनच ते एक दिवस खरोखर म्हणायला लागतं.

मग शिवदासच्या तोंडात काय घालायचं ते मी ठरवायचं का? परवा मी 'मेलो' घातलं.

व्याख्यानाची टिपणं काढायला बसले. 'नाही म्हणू शकणारा प्राणी' एवढं लिहून पेन ठेवलं.

२४ नोव्हेंबर

माफी मागितली. खाटेशेजारी बसून, शब्द जोडून, नीट.

'व्हय,' म्हणाला.

यातून काय समजायचं? क्षमा केली? की तीच क्षमा, जी कावळ्यालाही मिळते?

३० नोव्हेंबर

विठ्ठल एकटाच आला. हातात म्हापशाच्या बाजारातली केळी. म्हणाला, 'वहिनी, भाऊक देवळात घेवन येशात? तो समोर नसलो तर माझी जीभ वळाची नाय. आजपर्यंत मी फकत तेच्या मागे व्हय म्हटलंय.'

मी देवळात जात नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी विचारलं.

मी कुणाकडे बघून ठरवणार? शिवदासला विचारायची सोय नाही. तिथे बसून दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकणं ही त्याला शिक्षा असेल की सण असेल?

शेवटी विचार केला, बोलता असता तर रांगतसुद्धा गेला असता. नेते म्हणून सांगितलं.

८ डिसेंबर

जत्रा.

लग्नानंतर पहिल्यांदा त्या पायऱ्या चढले. गौरेश आणि गावातल्या पोरांनी शिवदासला खुर्चीसकट उचलून आत नेलं. बायका माझ्याकडे बघत होत्या. बघू देत. चौकात त्याची खुर्ची मांडली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गौरेश.

विठ्ठल नारळ घेऊन उभा राहिला. 'बा देवा म्हाराजा —' आणि पुढचं आठवेना. तेवढ्यात शेजारून, खणखणीत — 'व्हय!'

विठ्ठलला वाक्य सापडलं.

मग गाडी रुळावर आली. आज तुझी जत्रा, लेकरां जमली. व्हय म्हाराजा. कोणाची चूकभूल झाली आसात ती पोटात घाल. व्हय म्हाराजा. कोण परगावी गेलो, कोण दर्यार, कोण रुसान घरात बसलो, त्या सगळ्यांक तुझ्या सावलीत ठेय. व्हय म्हाराजा. प्रत्येक वेळी शिवदास सगळ्यांच्या आधी. ते ऐकत असताना मला देव आठवला नाही, पण माझी सभागृहं आठवली. माझ्या भाषणात लोक गप्प बसून ऐकतात. शेवटी टाळ्या. मध्ये कुणी काही म्हणायचं नसतं. इथे लोकांनी व्हय म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य निघतच नाही.

शिवदासचा आवाज बसत चालला. खडीसाखर दिली. विठ्ठल पुढे बोलतच होता.

'आनी म्हाराजा, आमचो शिवदास, तुझो सेवक, वर्सभर खाटीर पडलोहा. तेका बरो कर. नायतर सुखान सोडय.'

माणसं म्हणायला लागली, व्हय म्हा— आणि अर्ध्यावर अडखळली. कारण पहिला आवाज आलाच नव्हता.

शिवदास गप्प होता. ओठ घट्ट मिटलेले. विठ्ठलकडे एकटक बघत होता.

विठ्ठलला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाला, 'नायतर सुखान सोडय, म्हाराजा.'

नाही. ओठ तसेच. ज्याने वर्षभर विमानाला व्हय म्हटलं, कावळ्याला म्हटलं, मी विचारलेल्या त्या घाणेरड्या प्रश्नाला म्हटलं, तो आपल्या मरणाच्या मागणीला म्हणत नव्हता. गाऱ्हाण्याला कुणी कधी नकार दिल्याचं त्या देवळात कुणालाच आठवत नसणार.

विठ्ठलच्या डोळ्यांत पाणी. नारळ छातीशी धरून म्हणाला, 'चुकलंय म्हाराजा. सोडू नको. जसो आसा तसो आमच्यात ठेय.'

'व्हय म्हाराजा' — सगळा गाव. मीसुद्धा. माझ्या तोंडून निघालं, थांबवलं नाही.

शिवदास पुढच्या एक-दोन वाक्यांनाही गप्पच होता. रागावलेला असणार. शेवटच्या वाक्याला परत व्हय म्हणाला.

९ डिसेंबर

झरझर लिहून झालं. वर्षभरात असं लिहिलं नव्हतं. व्याख्यान उभं राहिलं आहे. शेवट कालचाच: देवळाचा चौक, शिवदासचे मिटलेले ओठ. नकार शब्दांच्याही आधी असतो. भाषा गेली, हात गेला, आणि राखेखाली एवढा एक निखारा जागा होता — नाही! डिचोलीत हे सांगितलं की सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल.

माझा सिद्धांत माझ्या नवऱ्याने सिद्ध केला. मी त्याला मेलेला ठरवायला निघाले होते, आणि त्याने गावासमोर स्वतःला परत जागेवर आणून बसवलं.

१३ डिसेंबर

धाकूदादा वाटेत भेटले. म्हणाले, 'तुझो घोव अजून धनी आसा गो तेच्या तोंडाचो.' काठी टेकत पुढे गेले.

गावात सगळे हेच बोलतात. विठ्ठल रोज संध्याकाळी येऊन बसतो. दिवसभरात काय झालं ते भावाला सांगतो. आधी यायचा नाही.

१८ डिसेंबर

गौरेश दाढी करायला आला. त्याला व्याख्यान वाचून दाखवलं. ऐकताना वस्तरा हातातच राहिला.

'चांगलं आहे, आई.'

'पण?'

'पण काही नाही.'

'गौरेश.'

तो बापाच्या गालावरचा फेस पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'त्या वाक्याच्या जरा आधी तू त्यांच्या तोंडात खडीसाखर घातलीस. मोठा खडा होता, चिकटलेला. तो पडू नये म्हणून ओठ मिटले असतील. मी शेजारीच होतो. चघळत होते.'

मग वस्तरा धुऊन ठेवताना, 'किंवा नसेलही तसं. मला काय माहीत.'

मी वही उघडून आठ तारखेचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे — खडीसाखर दिली. लिहून गेले आणि वाचलंच नाही.

१९ डिसेंबर

उद्या डिचोली. व्याख्यानाची शेवटची पानं फाडली.

ताडून बघणं सोपं आहे. तोंड रिकामं आहे, वाक्य मला पाठ आहे. खाटेशी बसायचं आणि म्हणायचं — शिवदास, तुला सोडवू?

विचारणार नाही. उद्याही नाही, कधीच नाही.

सकाळी कप घेऊन गेले. हवा का, नको का, काही म्हटलं नाही. म्हटलं, 'शिवदास, चहा आणलाय.'

'व्हय,' म्हणाला.